गाण्याचा भार कोणावर आहे? भजन, लावणी, ख्याल किंवा रॅपचा अल्बम काढण्याआधी

अल्बम करायचाय म्हणून कुणी माझ्या मिरजेतल्या स्टुडिओत आलं की मी माईक, बजेट, तारीख यातलं काही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच असतो: तुमच्या गाण्याचा भार कोणावर आहे? बहुतेक जण गायकाकडे बोट दाखवतात. मग मी म्हणतो, गायक पाणी प्यायला बाहेर गेला असं समजा, आता कोण थांबलं तर गाणं पडेल? भजनी मंडळ लगेच पखवाजवाल्याकडे बघतं. लावणीवाले ढोलकीकडे बघतात, ख्याल गाणारे तानपुऱ्याकडे. रॅप करणारी पोरं बीटकडे बघतात, आणि तिथे मी त्यांना अडवतो. त्यांच्या गाण्याचा भार शब्दांवर असतो.

याचं उत्तर नीट मिळालं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप ठरतात. आधी कोणाला रेकॉर्ड करायचं, लय कोणी धरायची, खोली कसली हवी, मिक्समध्ये पुढे कोण आणि कराराच्या कागदावर कोणाचं नाव हवंच हवं. ज्याच्यावर भार त्याच्यापासून सुरुवात, बाकी सगळे त्याच्याभोवती. सगळ्या प्रकारांना एकच पद्धत लावणारे स्टुडिओ पुष्कळ आहेत: आधी क्लिक (हेडफोनमध्ये एकाच वेगाने वाजणारी लयीची टकटक), मग कीबोर्ड, मग ताल, शेवटी गायक. सिनेमाच्या गाण्याला ती चालते. भजनाला लावली की भजनाचा प्राण जातो.

पट्टी आणि पेटी

स्टुडिओ बुक करण्याआधी घरी बसून हे काम करा. प्रत्येक गाण्याची पट्टी, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते, कागदावर लिहा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती. गायकाला सलग दोन तास गाऊन झाल्यावरही वरचा षड्ज ज्या पट्टीत सहज लागतो ती पट्टी खरी. सकाळी ताज्या गळ्याने ठरवलेली पट्टी दुपारी छळते.

मग एका पट्टीची गाणी एका दिवशी घ्या. पट्टी बदलली की तबला बदलावा लागतो. हातोडीने थोडंफार चढवता-उतरवता येतं, पण काळी एकचा तबला काळी चारला नेऊन कोणी वाजवत नाही. दिवसाची आखणी पट्टीप्रमाणे केली तर तबलजीला चार तबल्यांची थैली आणावी लागत नाही आणि तुमचे तासही वाचतात.

पेटीसाठी वेगळा वेळ काढा, कारण स्टुडिओतलं सगळ्यात हट्टी वाद्य तेच. तानपुऱ्याच्या खुंट्या फिरतात, कीबोर्ड एका बटणावर सरकतो, पेटीचे सूर मात्र घासून बसवलेले असतात. ते रेकॉर्डिंगच्या दिवशी हलत नाहीत. मोबाईलवर ट्यूनर लावा आणि पेटीचा धैवत तपासा, म्हणजे पांढरी सहा. कीबोर्ड ४४० हर्ट्झवर असतो आणि जुनी पेटी कधी ४४३ वर सापडते. हा फरक सुमारे १२ सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराचा आठवा भाग. एकेकटं ऐकताना कळत नाही, दोन्ही एकत्र वाजले की सूर थरथरतो आणि गायक बिचारा मधल्या मध्ये लटकतो. अशा वेळी कीबोर्ड, बासरीची निवड, तानपुरा सगळं पेटीकडे न्या. पेटीला कोणाकडे नेता येत नाही.

भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक माईकमध्ये येते म्हणून लोक पेटी पार लांब ठेवतात. मी ती जवळच ठेवतो, माईक वादकाच्या समोरच्या बाजूने, पेटीच्या वरून हातभर अंतरावर. भात्याचा थोडा आवाज राहू द्यावा. तो काढायला गेलं की पेटी कीबोर्डसारखी वाजायला लागते.

भजन

वारकरी भजन रेकॉर्ड करायला कापसाच्या भिंतींचा मुका स्टुडिओ नको. गावच्या देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा हॉल घ्या, पंखे बंद करा, रात्री दहानंतर बसा. मंडळी ज्या रचनेत नेहमी उभी राहतात किंवा बसतात तसंच बसू द्या. पखवाजी मध्ये, सगळ्यांना दिसेल असा. त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर एकेक माईक. डाव्या बाजूची कणीक दर दोन गाण्यांनी बघायची: एसी किंवा पंख्याच्या वाऱ्यात ती सुकते आणि खर्ज हलका होतो. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून पखवाज्याच्या उजव्या हाताशी ठेवा.

टाळ हा खरा प्रश्न. टाळाचा आवाज ज्या उंच पट्ट्यात असतो त्याच पट्ट्यात गायकाचे स, श, च असतात. दहा-बारा जोड्या एकदम वाजल्या की शब्द झाकले जातात आणि मिक्समध्ये ते सोडवता येत नाहीत, कारण टाळ सगळ्यांच्या माईकमध्ये शिरलेला असतो. उपाय जागेत आहे. टाळकरी मागे आणि अर्धवर्तुळात. त्यांना स्वतंत्र माईक द्यायचाच नाही. हॉलचे दोन माईक त्यांना पुरतात. मुख्य गायकाला स्टेजवर वापरतात तसा साधा डायनॅमिक माईक द्या, शुअरचा एसएम ५८ सुद्धा चालतो, ओठांपासून चार बोटांवर. महागडा कंडेन्सर माईक इथे टाळच जास्त पकडतो. कोरससाठी एका माणसाचा आवाज चारदा चिकटवू नका. आठ माणसं एका माईकभोवती उभी करा. कोणी थोडा वर, कोणी थोडा मागे, त्यातूनच मंडळ ऐकू येतं.

क्लिक लावायचा नाही. भजनात लय चढते, आणि ती किती, कुठे चढणार हे पखवाजी आणि गायक एकमेकांच्या डोळ्यांत बघून ठरवतात. सावकाश सुरू झालेला अभंग गजराला पोचेपर्यंत जवळजवळ दुप्पट वेगात गेलेला असतो. क्लिकला बांधलं की ही चढण सपाट होते. एखादी ओळ चुकली तर फक्त ती ओळ पुन्हा घेऊ नका. आधीचं धृपद कानात ऐकवा, मंडळी त्याच लयीत मिसळू द्या, मग चुकलेली ओळ पार करून पुढच्या धृपदापर्यंत जाऊ द्या. जोड धृपदाच्या समेवर बसतो, कोणाला कळत नाही.

अल्बमचा क्रम बनवताना डोकं फोडायची गरज नाही, तो परंपरेने आयता दिलाय. जय जय राम कृष्ण हरी, मग रूपाचा अभंग, पुढे इतर अभंग आणि गवळण, शेवटी भैरवी. हाच क्रम ठेवा. सगळ्यात गाजणारं गाणं पहिलं टाकायची घाई करणाऱ्यांना मी सांगतो की ते तुम्ही आधी सुटं प्रसिद्ध करा, अल्बमात त्याच्या जागी राहू द्या.

लावणी आणि लोकगीत

इथे पहिला माणूस ढोलकीवाला. गायिकेला कच्चं गायला बसवा, ढोलकी पक्की घ्या. शाईची बाजू गायिकेच्या षड्जाला लावलेली हवी, आणि ती प्रत्येक टेकच्या, म्हणजे दर वेळी रेकॉर्ड करण्याच्या, आधी तपासायची. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि आवाज उतरतो; आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ढोलकीवाले दोन ढोलक्या घेऊन येतात, एक वाजते तेव्हा दुसरी बल्बखाली असते. हलगीचं तर तापवल्याशिवाय पान हलत नाही. स्टुडिओच्या बाहेर शेगडी किंवा जाळायला कागद ठेवा, आणि हलगीवाला आत आला की लगेच लाल बटण दाबा. गार झाली की तिचा कडकडाट जातो. माईक तिच्यापासून चार फूट लांब. जवळ नेलात तर नुसता फटका येतो, हलगी येत नाही.

घुंगरांसाठी संगणकातला तयार आवाज वापरू नका. लाकडी फळी आणा, नाचणाऱ्या बाईंना तिच्यावर उभं करा, पूर्ण गाणं ढोलकीच्या ट्रॅकवर एकदा नाचू द्या. माईक गुडघ्याच्या उंचीवर. ढोलकीचा तोडा आणि घुंगरांचा ठेका यांच्यात केसभर मागेपुढे असतं, त्या केसभरातच लावणीची मजा आहे. मी हे एकदा सोलापूरकडच्या एका ताईंबरोबर केलं. त्यांनी हेडफोन नाकारले, ढोलकीवाल्याला समोर बसवा म्हणाल्या. तो पुन्हा वाजवत नव्हता, नुसता मांडीवर बोटं चालवत होता, आणि त्या त्याच्या बोटांकडे बघून नाचल्या. त्या टेकला मी एकही जोड दिला नाही.

तमाशाच्या बाजाचा अल्बम असेल तर गण, गवळण, मग लावण्या असा क्रम. कोळीगीतं, जागरण-गोंधळ, भीमगीतं यांतही भार ओळखायचा तोच नियम: गोंधळात संबळ, भीमगीतात शब्द आणि कोरसची फेक. बाकी तंत्र वरचंच.

ख्याल

मिरज तानपुऱ्यांचं गाव. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणून थोड्या हक्काने सांगतो: अल्बमसाठी तानपुऱ्याचं ॲप लावू नका. दोन खरे तानपुरे, जवारी (घोडीवर तारेला गुंज देणारी जुळणी) गवयाने स्वतः तपासलेली, वाजवायला शिष्य. एकेक माईक घोडीपासून हातभर वर, एक तानपुरा डावीकडे आणि एक उजवीकडे. गाणं संपल्यावरही दोन मिनिटं नुसते तानपुरे रेकॉर्ड करा. पुढे दोन टेक जोडताना किंवा शेवट विरवताना हाच तुकडा कामाला येतो, दुसऱ्या कशानेही ती जागा भरत नाही.

बैठक मैफलीसारखी. गवई, तबलजी, पेटीवाला एकमेकांना दिसले पाहिजेत. काचेच्या वेगळ्या खोल्या नकोत. आवाज एकमेकांच्या माईकमध्ये जाणारच, तो शत्रू नाही. पूर्ण राग सलग दोनदा घ्या, मध्ये चहा आणि मोठी विश्रांती. तिसऱ्यांदा गायला लावू नका. दोन टेक मिळून जोडायचं झालं तर समेवर जोडा, आणि फक्त एकाच लयीत असतील तरच.

लांबीचा निर्णय इथे सगळ्यात कठीण. गाण्याची लांबी आजवर यंत्रानेच ठरवली. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा होती. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही त्याच मापात राग उभे केले. पुढे एलपीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली, साठ मिनिटांच्या कॅसेटने तीस, सीडीने एकूण ७४ ते ८०. आता कुठलीच भिंत नाही. ऑनलाइन मंचांवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, मग गाणं दोन मिनिटांचं असो की चाळीस मिनिटांचा बडा ख्याल. पैसे तेवढेच. हा अन्याय आहे आणि तो मला बोचतो, पण म्हणून रागाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून संख्या वाढवू नका. विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा, इतकंच विभाजन रागाला सोसतं. दोन ट्रॅकमध्ये शांतता ठेवायची नाही, तानपुरा सलग चालू राहील असं कापायचं.

रॅप आणि बँड

मराठी रॅपचे अल्बम आता सांगली-कोल्हापूरकडची पोरंही करतात, आणि चांगले करतात. तांत्रिक काम त्यांना माझ्याहून जास्त येतं. मी तिघाचौघांना एवढंच सांगितलंय: आवाज कोरडा ठेवा, मधोमध ठेवा, ओळीच्या शेवटच्या शब्दांवर दुसरा आवाज चढवा, आणि जोडाक्षरं स्पष्ट म्हणा. गावाकडची बोली बोलता तशीच रॅप करा.

त्यांचा घोटाळा बीटच्या कागदावर होतो. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेला बीट बहुतेक वेळा भाड्याचा असतो. तोच बीट शंभर जणांनी घेतलेला असू शकतो, किती वेळा ऐकला जाईपर्यंत वापरता येईल याची मर्यादा त्या परवान्यात लिहिलेली असते. असा बीट असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे गाणं आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेला, गाणं नोंदवू नका. दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा दावा लागतो आणि भांडण सुरू. पूर्ण मालकीचा बीट घ्या, नाहीतर गावातल्या मित्राकडून करून घ्या आणि त्याला हिस्सा द्या. जुन्या गाण्याचा तुकडा बीटमध्ये वापरला असेल तर मूळ ध्वनिमुद्रणाची आणि मूळ चालीची अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात.

रॉक बँडला क्लिक चालतो, ड्रमला माईक भरपूर लागतात आणि ड्रमच सगळ्यात आधी. हे काम त्याच प्रकारच्या अनुभवी माणसाकडे द्या. माझ्या हाताखालचा तो विषय नाही.

कागद

रेकॉर्डिंगच्या आधी, पहिला चहा होतो तेव्हा. नंतर नाही.

मालमत्ता तीन प्रकारची आहे हे डोक्यात ठेवा: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, म्हणजे साधारणपणे ज्याने पैसे घातले आणि काम अंगावर घेतलं त्याचं. भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

भजनी मंडळं इथेच अडकतात. अभंग तुकोबांचा किंवा नामदेवांचा, म्हणजे कोणाची परवानगी नको, असं धरून चालतात. शब्दांपुरतं ते बरोबर आहे. चाल मात्र तपासा. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हे शब्द नामदेवांचे, पण पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात घराघरात गेलेली चाल राम फाटकांची. तीच चाल गायची तर रीतसर परवाना घ्यावा लागतो, चालीचे हक्क ज्या कंपनीकडे किंवा संस्थेकडे आहेत तिथून. तुमच्या गावच्या बुवांकडून पिढीजात आलेली चाल असेल तर ती गा; ती सुंदरही असते आणि इतर कोणाच्या अल्बमात नसते. मी तर प्रत्येक मंडळाला अशा निदान दोन चाली घ्यायला लावतो.

करार एका पानाचा, मराठीत. कोण काय करणार, मानधन किती, कधी, हक्क किती वर्षांसाठी आणि कुठे कुठे. हक्क दिल्याचं लेखी नसेल तर कायद्याने ते दिलेच जात नाहीत. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून दोन्ही लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात सोडून देता येत नाही. एकरकमी घेऊन सगळं सोडलं असं कुणी लिहून आणलं तर सही करू नका. साथीदारांची नावंही याच कागदावर घ्या, तीही त्यांना जशी लिहून हवीत तशी. पखवाजी स्वतःचं नाव कसं लिहितो ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

मिक्स आणि मास्टर

मिक्सिंगला एक दिवसाची उसंत द्या. रेकॉर्डिंगच्या रात्रीच मिक्स करायला बसू नका. भार ज्याच्यावर, त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) आधी वर आणा, बाकी पूर्ण खाली. त्याच्याभोवती एकेक जण आत घ्या. भजनात पखवाज आणि गायक यांच्यात जागा झाली की मग कोरस, मग हॉलचे माईक. देवळाचा भास म्हणून कृत्रिम गुंज ओतू नका. सभामंडपात रेकॉर्ड केलं असेल तर ती आधीच आहे.

मिक्स कुठे वाजणार तिथे ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर, रिक्षात, आणि भजन, भीमगीत, गणपतीची गाणी असतील तर कर्ण्यावर. कर्णा मोनो असतो, म्हणजे डावं-उजवं सगळं एकाच आवाजात मिसळून येतं. स्टीरिओत डावी-उजवीकडे पसरून मोठे वाटणारे कीबोर्ड मोनोत एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उत्सवाच्या मांडवात तुमच्या गाण्यातून निम्मी वाद्यं गायब होतात. मिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं बटण असतं, ते दाबून एक पूर्ण गाणं ऐका.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरच्या शेवटच्या कामात, आवाज ठासून मोठा करायची स्पर्धा आता निरर्थक आहे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणं सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणून ठेवतात, ॲपल म्युझिक सुमारे उणे १६ वर. त्याहून मोठं केलंत तर ते खाली ओढतात, आणि चेपलेलं गाणं खाली ओढलं की मरगळलेलं वाटतं. रॅप, लावणी त्या आसपास ठेवा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ख्यालाला मी आणखी मोकळं सोडतो. आलापीचा हळू आवाज हळूच राहिला पाहिजे. अल्बममधली गाणी एकामागून एक ऐकून पातळी जुळवा, पण भैरवी गजराइतकी मोठी करू नका. शेवटची फाईल २४ बिटची वेव्ह. एमपीथ्री कोणाला पाठवायची असेल तर वेगळी काढा, मूळ म्हणून कधीच नाही.

प्रकाशन

कॅसेटच्या जमान्यात कंपनीचा माणूस दुकानोदुकानी जायचा. आता वितरक नावाची ऑनलाइन सेवा ते काम करते: तुम्ही फाईल आणि माहिती देता, ती स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिककडे पोचवते. काही सेवा वार्षिक वर्गणी घेतात, उदाहरणार्थ डिस्ट्रोकिड, आणि वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात. काही, जसं सीडी बेबी, एकदाच पैसे घेऊन पुढे उत्पन्नातला वाटा कापतात. भजनी मंडळासाठी मी दुसरा प्रकार सुचवतो, कारण पाच वर्षांनी वर्गणी भरायची आठवण ठेवणारा माणूस मंडळात असेलच असं नाही.

प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा १२ अक्षरी क्रमांक मिळतो: देशाची दोन अक्षरं, नोंदणीदाराची तीन, वर्षाचे दोन अंक आणि ट्रॅकचे पाच. बहुतेक वितरक तो स्वतःच देतात. तो वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदलला तर त्याच क्रमांकाने गाणी चढवायची, म्हणजे आधीचे आकडे पुसले जात नाहीत. नव्याने गायलात किंवा रीमिक्स केलात तर क्रमांक नवा.

मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ, किंमत, प्रायोजकाचा लोगो नको. दुकानं ते परत पाठवतात. मंडळाला अध्यक्षांचा आणि नगरसेवकांचा फोटो हवाच असतो, तो कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर जाऊ द्या. कलाकाराचं नाव प्रत्येक वेळी एकाच स्पेलिंगने भरा. एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, एकदा ‘पं.’ लावून भरलं की त्याच माणसाची तीन पानं तयार होतात. भाषा म्हणून मराठी निवडा. आणि वादकांची नावं भरायचे रकाने रिकामे सोडू नका. पखवाज, टाळ, संवादिनी, कोरस, ध्वनिमुद्रण, सगळं भरा. कराराचा कागद समोर ठेवला की दहा मिनिटांचं काम आहे. कॅसेटच्या इनले कार्डावर ‘साथसंगत’ म्हणून बारीक अक्षरांत का होईना नावं असायची. मोबाईलवर ती नसली तर त्या वादकाने ते काम केलंच नाही असं होतं, आणि तरुण ढोलकीवाल्याला पुढचं बोलावणं या नावावरच येतं.

तारीख पंचांग बघून ठरवा. वारीची भजनं पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात त्याच्या आधी ऐकायला मिळाली पाहिजेत. आषाढी एकादशीला प्रसिद्ध केलेला अल्बम पुढच्या वर्षाची वाट बघतो. गणपतीची गाणी श्रावणाच्या सुरुवातीला, भीमगीतं १४ एप्रिलच्या तीन आठवडे आधी, कोळीगीतं नारळी पौर्णिमेच्या आधी, लग्नाची गाणी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. ख्यालाला आणि रॅपला सण नाही, त्यांनी शुक्रवार धरावा. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. वितरकाकडे फाईल चार आठवडे आधी द्या. मग स्पॉटिफायच्या कलाकारांच्या पानावरून एखादं गाणं त्यांच्या संपादकांना सुचवता येतं, निदान ७ दिवस आधी. तिथे चार ओळी लिहाव्या लागतात: कोण गातं, कुठलं वाद्य, कुठे रेकॉर्ड झालं. ‘अप्रतिम, श्रवणीय’ लिहू नका. ‘गावच्या सभामंडपात रात्री एका बैठकीत, दहा टाळांसह’ असं लिहा.

पैशाबद्दल खोटी आशा देत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकला गेला नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. दहा अभंगांच्या अल्बममध्ये दोनच ती रेषा ओलांडतात असं सहज होतं. मंडळाला अल्बममधून येतं ते कार्यक्रमाचं आमंत्रण, आणि सप्ताहात लोक ‘तो मोबाईलवरचा अभंग म्हणा’ म्हणतात ते.

गाणी निघाल्यावर त्याच आठवड्यात करायची कामं: गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेऊन प्रत्येक गाणं तिथे नोंदवायचं, नाहीतर रेडिओ, मांडव, हॉटेलात वाजल्याचे त्यांचे पैसे पडून राहतात. यूट्यूबवर वितरकाने आपोआप तयार केलेलं पान आणि तुमचं स्वतःचं चॅनल एकत्र करून मागायचं. वर्णनात शब्द पूर्ण लिहायचे, देवनागरीत आणि रोमनमध्येही, कारण शोधणारे दोन्हींत शोधतात. मल्टीट्रॅक सेशन, म्हणजे प्रत्येक माईकचं सुटं रेकॉर्डिंग, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायचं, एक मंडळाच्या कपाटात आणि एक स्टुडिओत, वर अल्बमचं नाव, वर्ष, पट्ट्या आणि पखवाजी-ढोलकीवाल्यासकट सगळ्यांची नावं लिहून. मानधनाचा दुसरा हप्ता त्याच दिवशी द्यायचा.